चौकशीबाई आणि फाटकावरचा कागद

चौकशीबाईंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, तीही एकाच टेबलावर. लोक फोन करून दुसऱ्याचा नंबर विचारत आणि बाई तो सांगत. पुढे नंबर लोकांच्या खिशातच आले, विचारायची कुणाला गरज उरली नाही, आणि खात्याने चहा-बिस्किटं देऊन बाईंना घरी पाठवलं. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. इमारतीत कुणाचा नळ गळायला लागला, की 'चौकशीबाईंना विचारा' असंच म्हणत. त्याही नुसता नंबर कधी देत नसत. आधी स्वतः लावून बघत. "उचलतोय, पण आज येत नाही म्हणतोय. उद्याचंही फारसं खरं धरू नका," एवढं सांगितल्यावर मग नंबर.

घरात माणसं तीन. बाई, त्यांचे यजमान आणि यजमानांचा धाकटा भाऊ. यजमानांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या खालच्या मजल्यालाही पुरत. धाकट्याने लग्न केलं नाही, पेपर काढला. चार पानांचं साप्ताहिक, आपल्या भागापुरतं. पाण्याच्या बदललेल्या वेळा, खोदलेले रस्ते, शिकवण्यांच्या जाहिराती, कुणाच्या मुलीला पोहण्यात मिळालेलं पदक, आणि शेवटच्या पानावर निधनवार्ता. मालक तोच, बातमीदार तोच आणि सायकलवरून अंक टाकणाराही तोच. लोक त्याला संपादक म्हणत, निम्मं कौतुकाने, निम्मं चेष्टेने. बाई मात्र लग्न होऊन आल्यापासून भावोजी म्हणत.

साथ आली आणि शहराला कुलूप लागलं, त्यात छापखान्यालाही लागलं. भावोजी दोन खोल्यांमधल्या दारात उभे राहिले आणि हात मागे बांधून विचार करू लागले.

"झाला ना पेपर बंद?" बाई म्हणाल्या.

"बातम्या बंद झाल्यात का? मग पेपर कसा बंद होईल?"

"छापणार कशाने? माझ्या इस्त्रीने?"

भावोजींनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, पानाच्या कोऱ्या बाजूला जाड पेनाने लिहायला बसले. अक्षर त्यांचं सुरेख. औषधाचं कुठलं दुकान उघडं आहे, घरपोच जेवण कोण देतं, कुठला डॉक्टर फोनवर बोलतो. कागद त्यांनी खाली जाऊन इमारतीच्या फाटकाला चिकटवला आणि त्याचा फोटो ओळखीच्यांना पाठवला. संध्याकाळपर्यंत तो फोटो पलीकडच्या चार रस्त्यांवर जाऊन पोचला होता.

दुसऱ्या दिवशी एक माणूस फाटकाशी येऊन ओरडला, की जेवणवाल्याचा नंबर चुकीचा आहे, कुणी बाई उचलते आणि शिव्या देते. बाईंनी गॅलरीतून ते ऐकलं आणि त्यांचा जुना कणा ताठ झाला.

"भावोजी, न लावता नंबर लिहिलात?"

"एवढे कोण लावत बसणार?"

"मी बसते."

तेव्हापासून फाटकावरचा कागद दोघांचा झाला. बाई विचारायच्या, भावोजी लिहायचे. प्रत्येक ओळीपुढे 'आज सकाळी विचारलं' किंवा 'दुपारी विचारलं' असं लिहिलेलं असे. बाईंचा हट्टच होता तो. काल खरं होतं ते आज खरं असेलच असं नाही, हे त्यांना चौकशीच्या टेबलानेच शिकवलं होतं.

आजार पहिल्यांदा आला तेव्हा ते सगळं निभावलं. थोडी मजाही वाटली म्हणा ना, आपण कामाला येतोय याची. दुसऱ्यांदा आला तेव्हा मजा कुठल्या कुठे गेली. आता लोक जेवणाचा नंबर विचारत नव्हते. ऑक्सिजन, अँब्युलन्स, बेड. बाईंच्या फोनची चार्जरची वायर आखूड होती आणि फोन सारखा उतरायचा, म्हणून त्यांनी फ्रीजशेजारच्या प्लगखाली बैठं स्टूल ओढलं आणि तिथेच मुक्काम ठोकला. एका कानाला फोन गरम व्हायचा, मग दुसऱ्या कानाला. यजमान चहा करून स्टुलाशेजारी ठेवत, गार झाला की न बोलता पुन्हा गरम करून आणत. कधीकधी तो तिसऱ्यांदाही गार व्हायचा. स्वयंपाकही तेच करू लागले होते. रोजची एकच भाजी असायची आणि मीठ कधी असायचं, कधी नसायचं, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

रोज बोलून बोलून बाईंच्या फोनपलीकडे काही माणसं तयार झाली. एक अँब्युलन्सचा ड्रायव्हर होता, तो नेहमी काहीतरी चावतच बोलायचा, कारण गाडी थांबली तेवढाच त्याचा जेवायचा वेळ. मोठ्या रस्त्यावरच्या हॉस्पिटलात बेडच्या टेबलावर एक मुलगी होती. पहिल्या दिवसांत ती बाईंवर खेकसली होती, "सारखं सारखं काय विचारता?" बाई म्हणाल्या होत्या, "बाळ, मीही तुझ्यासारख्याच टेबलावर बसलेय आयुष्यभर. तू नाही म्हण, मी फोन ठेवते. पण मला विचारू दे." त्यानंतर ती मुलगी कधी खेकसली नाही. जागा झाली की कधी कधी स्वतःहूनच कळवायची, कारण बाई ज्याला पाठवत तो खराच आजारी असे आणि वेळेत पोचे.

अशी कळवलेली जागा कागदावर यायची वेळच येत नसे. बाई सकाळपासून आलेले फोन मनात धरून असत. सगळ्यात वाईट कोण आहे, त्याच्या घरी लावत. कुणाला काय सांगायचं हे त्यांनाच ठरवावं लागे. हे काम चौकशीच्या टेबलावर नव्हतं. तिथे जो विचारेल त्याला नंबर मिळायचा, सगळ्यांना पुरतील इतके नंबर होते.

भावोजींचं निधनवार्तांवरून बाईंशी वाजलंही. कागदाचा अर्धा भाग नावांनीच भरायला लागला होता.

"नंबरांना जागा उरत नाही," बाई म्हणाल्या. "गेलेल्यांना काय उपयोग त्याचा?"

"वहिनी, त्यांना पोचवायला कुणी आलं नाही. चार माणसं नाहीत की शेजारी नाहीत. निदान नाव तरी फाटकावर येऊ दे."

मग दोन कागद लागू लागले. एकावर नंबर, एकावर नावं. लोक आधी दुसऱ्या कागदापाशी थांबत, मग पहिल्यापाशी.

भावोजींना खोकला सुरू झाला तेव्हा त्यांनी तो दोन दिवस लपवला. बाथरूमचा नळ सोडून खोकत. यजमानांना ऐकू आलं नाही, बाईंचा कान फोनला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ते लिहायला बसले आणि एक ओळ लिहून पेन खाली ठेवून श्वास घेऊ लागले. बाईंनी त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं आणि फोनवर बोलणाऱ्या डॉक्टरला आकडा सांगितला. "संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलात न्या," डॉक्टर म्हणाला, "रात्रीची वाट बघू नका."

त्याच सकाळी, भावोजींना आडवं करून बाई स्टुलावर येऊन बसतात न बसतात तोच एका बाईचा फोन आला. बेकरीच्या मागच्या गल्लीत ती शिवणकाम करायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. "ताई, यांना दम लागतोय. बसवतही नाही, झोपवतही नाही. नखं निळी दिसतायत. काल तुम्ही सांगितलेल्या सगळीकडे लावला, कुठेच नाही म्हणतात."

"मी बघते," बाई म्हणाल्या. "फोन जवळ ठेवा. काही कळलं की सगळ्यात आधी तुम्हाला लावते."

असं त्या कितीतरी जणांना म्हणाल्या होत्या, आणि दर वेळी खरंच म्हणाल्या होत्या.

मग त्या नंबर लावत सुटल्या. नाही. नाही. उचलत नाही. नाही. आतल्या खोलीतून भावोजींचा श्वास ऐकू येत होता, कुणी जड कपाट फरशीवरून ओढत असल्यासारखा. दुपार कलायला लागली आणि बेडच्या टेबलावरच्या मुलीचा फोन आला. तीही दमलेली होती, आवाज बसला होता.

"काकू, एक जागा होतेय, ऑक्सिजनची. अर्धा तास धरून ठेवते, जास्त नाही जमणार. पेशंटचं नाव सांगा."

बाईंनी आतल्या खोलीकडे बघितलं.

"काकू? नाव?"

बाईंनी आपल्या दिराचं नाव सांगितलं.

नंतर सगळं भराभर झालं. ड्रायव्हर घास तोंडात ठेवूनच आला. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना, म्हणून त्याने भावोजींना खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं, एक बाजू यजमानांनी धरली. फाटकापाशी भावोजींनी मान वळवून कागदाकडे बघितलं आणि हाताने खूण केली, की आजचा अजून लावायचा राहिलाय.

गाडी गेल्यावर वर घरी येऊन बाईंनी हात धुतले आणि उरलेला कागद स्वतः लिहिला. अक्षर वाकडंतिकडं आलं. मोठ्या रस्त्यावरच्या हॉस्पिटलापुढे त्यांनी लिहिलं: जागा नाही, दुपारी विचारलं. ते खरंच होतं. त्या वेळी तिथे जागा नव्हती. शिवणकाम करणाऱ्या बाईंना त्यांनी फोन लावला आणि दोन लांबच्या हॉस्पिटलांचे नंबर दिले. तिथे जागा असेल-नसेल, ठाऊक नाही म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लावून न बघितलेले नंबर कुणाला दिले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचाच फोन आला.

"ताई, गेले ते. पहाटेच. तुम्हाला कळवायचं म्हणून केला." ती रडत नव्हती. आवाज अगदी सपाट होता. "इतक्या ठिकाणी फोन लावले हो, पण दर वेळी उचलला तो तुम्ही. एवढं कोण करतं? त्यांचं नाव लिहाल ना फाटकावर? तिकडून जाताना बघेन म्हणते."

बाईंना वाटलं, आता सांगावं. तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते एवढंच, "नाव कसं लिहू? नीट सांगा." तिने सांगितलं, कसं लिहायचं तेही सांगितलं. बाईंनी दुसऱ्या कागदावर ते लिहिलं, खाली जाऊन चिकटवलं. चिकटपट्टी पुन्हापुन्हा सुटत होती. त्या तिथे ती दाबून धरून उभ्या राहिल्या, बराच वेळ.

त्यानंतरही फोन थांबले नाहीत आणि बाईही थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना रोज वाटायचं. पण फोन वाजला की हात जायचाच. आता त्या कमी बोलत. 'मी बघते' म्हणणं त्यांनी सोडून दिलं. "लावून बघते, सांगता येत नाही," असं म्हणत.

भावोजी वाचले. निम्मे होऊन घरी आले, गालांची हाडं वर आलेली, दाढी पांढरी. पलंगावर उशांना टेकून बसत आणि बाईंनी लिहिलेल्या कागदांचे फोटो फोनवर बघत. "वहिनी, 'रुग्णालय'मधला रु पहिला. तुम्ही दुसरा काढलाय. अख्ख्या शहरात फिरला हा."

"मग मरा आता हसून," बाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी घरात कुणी हसलं होतं.

हसता हसता भावोजींना धाप लागली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, "नशीब बघा पण. कुठे काही मिळत नव्हतं, आणि मला मात्र मिळालं."

बाई भाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "नशीब नव्हतं, भावोजी. मी होते." आणि त्यांनी सगळं सांगितलं. सकाळचा फोन, निळी नखं, अर्धा तास, कुणाचं नाव घेतलं ते.

भावोजी खिडकीकडे बघत राहिले.

"मला विचारायचं होतंत."

"तुम्ही नको म्हणाला असतात. म्हणून नाही विचारलं."

"दादाला माहीत आहे?"

"त्यांना ऐकू जातं कुठे."

"मला माहीत आहे," बाहेरच्या खोलीतून यजमान म्हणाले. टीव्ही बंद होता. "तेव्हा ऐकू नाही आलं. पण तू फोन ठेवलास तेव्हा तुझं तोंड बघितलं मी." एवढं बोलून ते दारात आले, आणि भाजीची जुडी उचलून घेऊन गेले.

त्या दिवशी भावोजी जेवले नाहीत. बाईंशी बोललेही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी चहा दिला तेव्हा त्यांच्या हातातून कप घेत भावोजी म्हणाले, "मी नको म्हटलं असतं असं तुम्हाला वाटतं. मलाही काल रात्रभर तसंच वाटत होतं. पण खरं सांगू? नसतं म्हटलं. त्या दिवशी मला फक्त हवा हवी होती. कुणाच्या वाट्याची, ते मी विचारलं नसतं." मग जरा थांबून, "त्या बाईंना सांगायला हवं, वहिनी."

"हो."

"मी सांगू?"

"नको. फोन मी घेतला होता."

पण सांगणं लांबत गेलं. साथ ओसरली. फोन विरळ झाले. कुणा पुढाऱ्याच्या माणसांनी येऊन दोघांचा सत्कार करायचं ठरवलं, स्टेज, हार, फोटो. बाईंनी गुडघ्याचं निमित्त काढलं, भावोजींनी धापेचं. निमित्तं दोन्ही खरीच होती. फाटकावरचा कागद बदलला. आता लोकांना दाखले हवे होते. मृत्यूचा दाखला कुठे मिळतो, नाव चुकलं तर काय करायचं, कुठली खिडकी, कुठला दिवस. बाई पुन्हा फोन लावू लागल्या. पालिकेच्या ऑफिसात फोन उचलणारा माणूस प्रत्येक वेळी वेगळं सांगे, म्हणून 'आज सकाळी विचारलं' हे आताही लागायचंच.

आणि मग शिवणकाम करणाऱ्या बाईंचा फोन आला. "ताई, यांच्या दाखल्यात नाव चुकवलंय. एका खिडकीवरून दुसरीवर पाठवतात. शिवणाचं काम टाकून किती चकरा मारू?"

"उद्या ऑफिसपाशी या," बाई म्हणाल्या. "मी येते सोबत."

दोघी एकमेकींना पहिल्यांदाच बघत होत्या. ती बाईंना वाटली होती त्यापेक्षा लहान होती, तिशी-पस्तिशीची, बोटांना सुया टोचल्याचे बारीक काळे ठिपके. तिने बाईंचे दोन्ही हात धरले. खिडकी उघडायला अवकाश होता. व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर दोघी बसल्या. समोर भिंतीला टेकून माणसं उभी होती, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद.

बाईंनी घरून येताना वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"त्या दिवशी दुपारी मला एका जागेचं कळलं होतं," त्या म्हणाल्या. "ऑक्सिजनची. सगळ्यात आधी तुम्हाला कळवते असं मी म्हणाले होते. पण माझा दीर घरात तसाच पडला होता. मी त्याचं नाव दिलं."

ती बाईंकडे बघत राहिली. मग विचारलं, "ते आहेत?"

"आहेत."

"बरे आहेत?"

"जिना चढताना थांबतात. पण आहेत."

तिने हात हळूच काढून घेतले आणि मांडीवरच्या पिशवीचा बंद गुंडाळत बसली. गुंडाळायची, सोडायची. बाईंना वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बाईंनी ऐकून घेतलं असतं. ऐकून घेणं त्यांना येत होतं.

"मला आत्ता काही बोलता येणार नाही," शेवटी ती म्हणाली. "शिव्या द्यायलासुद्धा अंगात काही नाही हो माझ्या. त्या दाखल्याचं तेवढं बघू या. कुठली खिडकी म्हणालात?"

"तिसरी. सकाळी विचारलं."

खिडकी उघडली. रांग सरकली. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटेपालटे केले आणि डॉक्टरचं पत्र जोडलेलं नाही म्हणाला. बाईंनी ते तिच्या पिशवीतून आधीच काढून ठेवलं होतं, ते पुढे केलं. मग ओळखपत्राची प्रत हवी झाली. बाई रांगेत जागा धरून उभ्या राहिल्या, ती प्रत काढायला धावली. मग साहेब जेवायला गेले. साहेब आल्यावर शिक्का बसला. एवढ्या वेळात दोघींमध्ये कामाखेरीज एक शब्द झाला नाही. उभं राहून बाईंचे पाय भरून आले होते, पण बाकावर जाऊन बसावं असं त्यांना वाटेना.

दुरुस्त झालेला दाखला तिने तिथेच उभं राहून वाचला, बोट फिरवत, नवऱ्याच्या नावावर थोडी थांबत. घडी घालून पिशवीत ठेवला.

"बरोबर आहे ना?" बाईंनी विचारलं.

"बरोबर आहे."

ती पायऱ्यांपर्यंत गेली आणि वळली. काहीतरी म्हणणार असं वाटलं. मग "येते" म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली. त्यानंतर तिचा फोन कधी आला नाही. बाईंनीही लावला नाही. लावायचा हक्क आपल्याला उरला आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

बाई घरी पोचल्या तेव्हा भावोजी दारातच होते. "काय म्हणाल्या त्या?"

"तुम्ही बरे आहात का, ते विचारलं."

भावोजी खाली बसले. यजमानांनी पाण्याचा ग्लास आणून बाईंच्या हातात दिला, पण बाई तो धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. मग फ्रीजशेजारच्या स्टुलावर बसून त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी चपला काढल्या. फोन वाजत होता. कुणालातरी दाखल्याची खिडकी विचारायची होती.

"तिसरी," बाई म्हणाल्या. "पण उद्या निघण्याआधी मला एकदा फोन करा. विचारून सांगते."